नोटरीची फारकत आणि टेक्सासची डिक्री : पुनर्विवाह करून अमेरिकेच्या व्हिसासाठी अर्ज करण्यापूर्वी

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपला पहिला विवाह २०१५ साली हिंदू पद्धतीने झाला, २०१८ पासून आपण दोघे वेगळे राहता, आणि २०२० मध्ये दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांच्या समक्ष पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर फारकतनामा लिहून त्यावर नोटरीचा शिक्का घेतला. आता ज्यांच्याशी आपला विवाह ठरला आहे ते अमेरिकेचे नागरिक आहेत. त्यांचाही पहिला विवाह नागपूरला झाला होता आणि टेक्सासमधील न्यायालयाने त्यांना घटस्फोट दिला. मात्र त्यांच्या पहिल्या पत्नी त्याआधीच भारतात परतल्या होत्या व सुनावणीला हजर नव्हत्या. पुढच्या महिन्यातला मुहूर्त धरला आहे, लग्न लागताच ते आपल्यासाठी अर्ज भरणार आहेत, आणि फारकतनाम्याचे इंग्रजी भाषांतर जोडले तर चालेल का, एवढेच आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

चालणार नाही. भाषांतर कितीही उत्तम करून घेतले तरी चालणार नाही, कारण त्या मूळ कागदाने आपला विवाह संपलेलाच नाही. आपण विचारले आहे कागद कोणता जोडावा याबद्दल. उत्तर द्यावे लागते ते आपण आज कायद्याने विवाहित आहात की नाही याबद्दल. कौटुंबिक न्यायालयातील वकिलीच्या इतक्या वर्षांत माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांपैकी बहुतेकांत गोंधळ इथेच झालेला दिसतो. लोक व्हिसाचा अर्ज हा पहिला टप्पा समजतात आणि घटस्फोट हे त्याला जोडायचे एक सहपत्र समजतात.

अमेरिकेच्या बाजूने विचार कसा होतो ते आधी पाहू. पती किंवा पत्नीसाठी भरायचा मूळ अर्ज म्हणजे आय-१३०. त्याच्यासोबत विवाहाचा दाखला तर लागतोच, शिवाय दोघांचेही आधीचे सर्व विवाह कायदेशीररीत्या संपल्याचा पुरावा, म्हणजे घटस्फोटाचा हुकूमनामा, विवाह रद्द ठरवणारा आदेश किंवा जोडीदाराचा मृत्यू झाला असल्यास मृत्यूचा दाखला, जोडावा लागतो. हा पुरावा तपासताना अधिकारी मुळात दोन गोष्टी पाहतो : नव्या विवाहाची तारीख आणि नव्या विवाहाचे ठिकाण. ज्या ठिकाणी विवाह झाला तेथील कायद्यानुसार तो वैध आहे का, आणि त्या तारखेला वधू व वर दोघेही विवाह करण्यास मोकळे होते का, एवढे त्याला ठरवायचे असते. आपण किती वर्षे वेगळे राहता, पहिले पती कसे वागले, दोन्ही घरांनी किती समजूतदारपणे विषय मिटवला, या गोष्टी माणूस म्हणून महत्त्वाच्या असल्या तरी या प्रश्नाच्या उत्तरात त्यांना जागा नाही. विवाह पुण्यात होणार असेल तर भारतातील कायदा आपल्याला त्या दिवशी मोकळे मानतो का, हेच पाहिले जाईल.

आणि भारतातील कायद्याचे उत्तर आज नकारार्थी आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ५ मधील पहिलीच अट अशी की विवाहाच्या वेळी कोणत्याही पक्षाचा जोडीदार हयात असता कामा नये. हा जोडीदार ‘माजी’ होतो तो न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. दोघांनी राजीखुशीने लिहून दिलेला फारकतनामा, त्यावरच्या साक्षीदारांच्या सह्या, नोटरीचा लाल शिक्का, यांपैकी कशानेही विवाहबंध तुटत नाही. नोटरी फक्त इतकेच सांगतो की या व्यक्तींनी माझ्यासमोर या कागदावर सही केली. घटस्फोट देण्याचा अधिकार त्याला नाही, आणि पंचांनाही नाही. बौद्ध, जैन आणि शीख यांनाही हाच अधिनियम लागू आहे हे येथे सांगून ठेवते, कारण आपला विवाह वेगळ्या विधीने झाला म्हणून आपल्याला हा कायदा लागत नाही अशी समजूत असलेले पक्षकार मला अधूनमधून भेटतात.

याला एक अपवाद आहे आणि तो लपवणे योग्य होणार नाही. त्याच अधिनियमाच्या कलम २९ च्या दुसऱ्या पोटकलमाने रूढीने मान्य असलेला घटस्फोट राखून ठेवला आहे. काही समाजांत काडीमोडाची किंवा सोडचिठ्ठीची प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे आणि ती सिद्ध झाली तर न्यायालय तशी फारकत मान्य करते. मात्र ‘सिद्ध झाली तर’ या तीन शब्दांत सगळे ओझे आहे. प्रथा प्राचीन आहे, निश्चित आहे, सातत्याने पाळली जाते आणि सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध नाही, हे सांगणाऱ्याने दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने ‘सुब्रमणी विरुद्ध चंद्रलेखा’ या २००५ सालच्या निकालात अशी रूढी स्पष्टपणे मांडून सिद्ध करणे आवश्यक आहे असे म्हटले आहे. अमेरिकेचे अधिकारीही रूढीच्या घटस्फोटाला सरसकट नकार देत नाहीत, परंतु परदेशी कायदा व रूढी काय आहे हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकतात. म्हणजे आपल्या समाजात अशी प्रथा खरोखर असली तरी आधी दिवाणी स्वरूपाचा घोषणेचा दावा लावून न्यायालयाकडून तसे जाहीर करून घेणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो, आणि त्यासाठी लागणारा वेळ पाहता सरळ घटस्फोट घेणे बहुतेकदा लवकर होते. आपल्या फारकतनाम्यात प्रथेचा उल्लेख आहे की केवळ ‘आमचे पटत नसल्याने’ असे लिहिले आहे, हे एकदा वाचून पाहा. दुसरे असेल तर या अपवादाचा विचार सोडून द्यावा.

पुढच्या महिन्यात विवाह केलाच तर काय होईल? कलम ११ नुसार तो विवाह आरंभापासून शून्य असेल. कलम १७ नुसार तो द्विविवाहाचा गुन्हाही ठरेल. पूर्वी यासाठी भारतीय दंड संहितेचे कलम ४९४ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८२ आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि पहिला विवाह दुसऱ्या जोडीदारापासून लपवलेला असेल तर दहा वर्षांपर्यंत. भीती घालण्यासाठी मी हे लिहीत नाही, कारण प्रत्यक्षात आपले पहिले पती तक्रार करतील असे आपल्या मजकुरावरून दिसत नाही. व्हिसाच्या दृष्टीने जास्त जिव्हाळ्याची बाब पुढे आहे. शून्य विवाहाच्या आधारे भरलेला आय-१३० मंजूर होऊ शकत नाही, आणि अर्ज प्रलंबित असताना मागाहून घटस्फोट घेऊन ही उणीव भरून काढता येत नाही. हुकूमनाम्याची तारीख विवाहाच्या तारखेनंतरची असेल तर तो विवाह झाला त्या दिवशी शून्य होता ही गोष्ट बदलत नाही.

एका पक्षकार दांपत्याच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. दूतावासाच्या मुलाखतीपर्यंत ते पोहोचले, तेथे हुकूमनामा मागितला गेला, त्यांनी घाईने परस्पर संमतीचा घटस्फोट मिळवला आणि मोठ्या विश्वासाने तो सादर केला. त्या हुकूमनाम्यानेच त्यांचा दुसरा विवाह अवैध होता हे सिद्ध करून दिले. पुन्हा विधिवत विवाह, पुन्हा नवा अर्ज, पुन्हा नवे शुल्क आणि पुन्हा सगळी प्रतीक्षा. त्या प्रकरणात समाधानाची गोष्ट एवढीच होती की त्यांनी कोठेही खोटे लिहिलेले नव्हते.

आता मार्ग सांगते. पहिले पती सहकार्य करण्यास तयार असतील तर हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३ब खाली परस्पर संमतीचा अर्ज करावा. त्यासाठी अर्जापूर्वी किमान एक वर्ष वेगळे राहणे आवश्यक असते. आपण त्याहून कितीतरी अधिक काळ वेगळे आहात. अर्ज दाखल झाल्यावर कायद्याने सहा महिने थांबून, आणि अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायालयासमोर येऊन संमती कायम असल्याचे सांगायचे असते. या सहा महिन्यांमुळे लोक घाबरतात. पण सर्वोच्च न्यायालयाने ‘अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर’ या २०१७ सालच्या निकालात ही मुदत सक्तीची नसून न्यायालय ती माफ करू शकते असे ठरवले आहे. पहिल्या अर्जापूर्वीच एकूण दीड वर्षाचे वेगळेपण पूर्ण झालेले असावे, समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरलेले असावेत, पोटगी, मुलांचा ताबा आणि इतर देणीघेणी मिटलेली असावीत, आणि आणखी थांबण्याने दोघांचा त्रासच वाढणार असावा, असे निकष त्यात आहेत. माफीचा अर्ज पहिल्या टप्प्यानंतर एका आठवड्याने देता येतो. आपल्या बाबतीत हे निकष जुळताना दिसतात, तरीही माफी देणे न देणे न्यायाधीशांच्या विवेकावर अवलंबून आहे, म्हणून मी कोणालाही निश्चित तारीख सांगत नाही आणि आपणही मंगल कार्यालयाला सांगू नये.

आपला २०२० चा फारकतनामा येथे कामाला येतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. घटस्फोट म्हणून तो निरुपयोगी असला तरी वेगळे राहण्याचा आणि देणीघेणी मिटल्याचा लेखी पुरावा म्हणून तो अर्जासोबत लावता येतो. त्यात स्त्रीधन, दागिने, पोटगी यांच्याविषयी काही ठरले असेल तर तोच मजकूर संमतीच्या अटींमध्ये घ्यावा; जुन्या कागदात एक आणि नव्या अर्जात दुसरे असे झाले की समुपदेशकांसमोर प्रश्न निघतात आणि तारखा लांबतात.

अर्ज कोठे करायचा हेही विचारात घ्या. विवाह जेथे झाला, दोघे शेवटचे एकत्र जेथे राहिले किंवा सामनेवाले जेथे राहतात तेथील न्यायालय चालते, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर अर्जदार पत्नी स्वतः राहते तेथेही तिला अर्ज करता येतो. जिल्ह्यात कौटुंबिक न्यायालय असेल तर तेथे, नसेल तर वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे. हा फरक केवळ पत्त्याचा नाही. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १९ नुसार कौटुंबिक न्यायालयाने पक्षकारांच्या संमतीने दिलेल्या हुकूमनाम्यावर अपील नसते, त्यामुळे असा हुकूमनामा मिळाल्यावर थांबण्याचे कारण उरत नाही. इतर सर्व प्रकारच्या हुकूमनाम्यांबाबत हिंदू विवाह अधिनियमाचे कलम १५ लागू होते : अपिलाचा हक्क नसेल, किंवा अपिलाची मुदत अपील न होता संपली असेल, किंवा अपील फेटाळले गेले असेल, तरच पुन्हा विवाह करावा. ही मुदत हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे नव्वद दिवसांची आहे. कौटुंबिक न्यायालयाच्या अधिनियमात तीस दिवस लिहिलेले असल्याने वाद होता, परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये नव्वद दिवसच धरावेत असा निर्णय दिला.

या मुदतीत झालेला विवाह केवळ त्या कारणाने शून्य ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘लीला गुप्ता’ प्रकरणात १९७८ सालीच म्हटलेले आहे, आणि काही वकील त्याच्या आधारे लवकर लग्न लावून घ्यायला सांगतात. मी सांगत नाही. ज्या अधिकाऱ्याकडे आपल्या मुलाखतीसाठी मोजकी मिनिटे असतात त्याला भारतीय निवाडे समजावून सांगण्याची वेळच का आणावी? तीन महिन्यांची प्रतीक्षा त्या स्पष्टीकरणापेक्षा स्वस्त पडते.

पहिले पती संमती देण्यास तयार नसतील किंवा सापडतच नसतील तर परित्याग, क्रूरता अशा कलम १३ मधील कारणांवर एकतर्फी किंवा वादग्रस्त अर्ज करावा लागेल. दोन वर्षांचा परित्याग हे स्वतंत्र कारण आहे, पण तुम्ही दोघांनी मिळून फारकतनाम्यावर सह्या केलेल्या असताना त्याला परित्याग म्हणणे अडचणीचे जाईल, हे आधीच ओळखून मांडणी करावी लागते. वादग्रस्त अर्जाला किती काळ लागेल हे न्यायालयाच्या कामाच्या भारावर आणि सामनेवाल्यांच्या वृत्तीवर ठरते. तो महिन्यांत नव्हे, वर्षांत मोजावा. एकतर्फी हुकूमनामा मिळाला तर समन्स नीट बजावले गेले होते याची कागदपत्रे जपून ठेवा, कारण समन्स मिळालेच नव्हते असे दाखवून असा हुकूमनामा रद्द करून घेता येतो आणि तसे झाले तर त्याच्यावर उभा असलेला दुसरा विवाहही डळमळतो. पहिल्या पतींनी दरम्यान दुसरे लग्न केले असेल तर ते सहसा संमतीला तयार होतात. त्यांच्याही डोक्यावर तेच कलम ८२ असते, आणि ही गोष्ट दमदाटीने न सांगता शांतपणे समजावली की पुरते.

इथपर्यंत आपल्या बाजूचे झाले. आपल्या नियोजित पतींच्या बाजूचा प्रश्न आपण एका ओळीत उरकला आहे. मला मात्र तो अधिक नाजूक वाटतो. टेक्सासच्या न्यायालयाची डिक्री, म्हणजे हुकूमनामा, टेक्सासमध्ये पूर्णपणे वैध आहे. तेथे डिक्रीनंतर साधारणपणे एकतिसाव्या दिवसापूर्वी दुसऱ्या व्यक्तीशी विवाह करता येत नाही, पण तो काळ बहुधा उलटून गेला असेल. प्रश्न असा आहे की त्यांचा पहिला विवाह हिंदू विवाह अधिनियमाखाली नागपुरात झाला होता, आणि दुसरा विवाहही आपण भारतातच करणार आहात. म्हणजे त्या दिवशी ते मोकळे होते का, हे ठरवताना भारतीय कायदा त्या परदेशी डिक्रीकडे कसा पाहतो हे महत्त्वाचे ठरते.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये परदेशी निकाल केव्हा बंधनकारक नसतो हे दिले आहे, आणि वैवाहिक प्रकरणांत त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने ‘नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी’ या १९९१ सालच्या निकालात लावला. तिरुपतीला झालेला हिंदू विवाह, मिसुरी राज्यातील न्यायालयाने पतीला दिलेला घटस्फोट, पतीचा दुसरा विवाह आणि पहिल्या पत्नीने भारतात केलेली द्विविवाहाची तक्रार, असे ते प्रकरण होते. न्यायालयाने म्हटले की, ज्या कायद्याखाली विवाह झाला त्या कायद्याला मान्य असलेल्या न्यायालयाने आणि त्या कायद्यातील कारणावर दिलेली डिक्रीच सर्वसाधारणपणे मान्य होईल. अपवाद मोजके आहेत. सामनेवाली व्यक्ती कायमची जेथे राहते तेथील न्यायालयाने त्याच कायद्यातील कारणावर घटस्फोट दिला असेल, किंवा तिने स्वेच्छेने हजर होऊन अशा कारणावरचा दावा लढवला असेल, किंवा तिने घटस्फोटाला संमती दिली असेल, तर डिक्री मान्य होते. टेक्सासमध्ये सर्वाधिक वापरले जाणारे कारण म्हणजे स्वभावभिन्नतेमुळे संसार असह्य झाला आहे, त्यात कोणाचाही दोष नाही. असे कारण हिंदू विवाह अधिनियमात नाही. संसार पूर्णपणे मोडला आहे एवढ्यावरून घटस्फोट देण्याचा अधिकार आपल्याकडे सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली वापरते, हे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने स्पष्ट झाले. खालच्या न्यायालयांना तो अधिकार नाही.

म्हणून त्यांच्या पहिल्या पत्नी ‘हजर नव्हत्या’ याचा नेमका अर्थ काय, हे सर्वात आधी शोधा. त्या प्रत्यक्ष आल्या नाहीत पण दोघांच्या सहमतीने तयार झालेल्या डिक्रीवर त्यांची सही आहे, असे असेल तर ती संमती आहे आणि आपली अडचण जवळजवळ संपते. समन्स मिळाल्याची पोच देणाऱ्या किंवा समन्स बजावण्याचा आग्रह सोडणाऱ्या कागदावर तेवढी त्यांची सही असेल तर ती संमती म्हणता येत नाही. आणि सहीच नसेल, केवळ नोटीस पाठवून एकतर्फी निकाल झाला असेल, तर भारतात विवाह करण्यापूर्वी थांबणे योग्य. पहिल्या पत्नींनी स्वतः त्या डिक्रीच्या आधारे पुन्हा विवाह केला असेल तर डिक्री त्यांनी स्वीकारली असे म्हणायला भक्कम आधार मिळतो. तसे नसेल पण त्या सहकार्य करणार असतील, तर नियोजित पतींच्या वैवाहिक स्थितीविषयी घोषणा मागण्याचा दावा नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात करता येतो, किंवा तेथेच परस्पर संमतीचा अर्ज करून प्रश्न कायमचा मिटवता येतो. असे काही न करता भारतात लग्न केलेल्यांचे अर्ज टेक्सासची किंवा अन्य राज्याची डिक्री पाहून मंजूर झालेलेही मी पाहिले आहेत. पण अधिकाऱ्याने एखादा प्रश्न विचारला नाही आणि विचारला असता तर उत्तर होते, यांतला फरक मी माझ्या पक्षकारांना नेहमी सांगते.

येथे आपल्या मनात मंगेतर व्हिसाचा विचार येईल, म्हणून तोही पाहू. या के-१ व्हिसासाठी अमेरिकी नागरिकाने आय-१२९एफ हा अर्ज भरायचा असतो, गेल्या दोन वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते आणि तेथे पोहोचल्यावर नव्वद दिवसांत विवाह करावा लागतो. विवाह टेक्सासमध्ये होणार असल्याने तेथील डिक्रीला तेथे कोणी आक्षेप घेणार नाही. म्हणजे व्हिसापुरता त्यांचा प्रश्न या मार्गाने सुटतो. नागपूरचा विवाह भारताच्या दृष्टीने टिकून आहे की नाही हा वाद मात्र त्याने मिटत नाही आणि भारतातील मालमत्ता, वारसा यांच्या वेळी तो पुन्हा डोके वर काढू शकतो. आणि आपला प्रश्न तर मुळीच सुटत नाही. अर्ज भरण्याच्या दिवशी दोघेही विवाहास मोकळे असावे लागतात, आणि आपण अजून मोकळ्या नाही. पर्यटक व्हिसावर जाऊन तेथेच लग्न लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. पहिला विवाह कायम असताना तेथील विवाहही अवैधच असेल, आणि प्रवासाचा हेतू खोटा सांगितल्याचा ठपका वेगळा येईल.

खोटे लिहिण्याच्या धोक्याबद्दल थोडे अधिक लिहिणे गरजेचे आहे, कारण इथे चांगली माणसेही घसरतात. महत्त्वाच्या गोष्टीबद्दल जाणूनबुजून दिलेली चुकीची माहिती सिद्ध झाली तर अमेरिकेत कायमची प्रवेशबंदी होऊ शकते. माफी मागता येते, पण ती मिळवणे कष्टाचे असते. पहिला विवाह लपवण्याचे प्रयत्न बहुधा क्षुल्लक जागी उघडे पडतात. आपल्या जुन्या पारपत्राच्या शेवटच्या पानावर पहिल्या पतीचे नाव छापलेले असू शकते. पूर्वी कधी पर्यटक व्हिसासाठी अर्ज केला असेल तर त्यात वैवाहिक स्थितीचा रकाना आपण भरलेला आहे. आताच्या डीएस-२६० या स्थलांतरित व्हिसाच्या अर्जात आधीच्या प्रत्येक जोडीदाराचे नाव, विवाहाची तारीख आणि तो कसा संपला हे विचारले जाते. आणि विवाह नोंदणीच्या वेळी, घरचे लोक लाजेखातर, वधूच्या पूर्वस्थितीपुढे ‘अविवाहित’ असे लिहून टाकतात. पुढे तोच दाखला हुकूमनाम्याच्या शेजारी ठेवला जातो. तेथे ‘घटस्फोटित’ लिहायला संकोच करू नका. फारकतनाम्यावर विश्वास ठेवून आपण याआधी कोठे ‘घटस्फोटित’ असे लिहिले असेल तर ते प्रामाणिक गैरसमजातून झाले हे आता स्वतःहून सांगावे. विचारल्यानंतर सांगण्यापेक्षा त्याला वेगळे वजन असते.

घटस्फोट हाती आल्यावर विवाह कोणत्या कायद्याखाली करायचा? वर परदेशी नागरिक असल्याने मी विशेष विवाह अधिनियम, १९५४ सुचवते, म्हणजे हिंदू विवाह अधिनियम त्यांना लागू होतो का हा वादच राहत नाही आणि विवाह अधिकाऱ्याचा दाखला हा निर्णायक पुरावा ठरतो. त्यासाठी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात, विवाह अधिकाऱ्याला द्यायच्या विवाहाच्या नोटिशीपूर्वी, किमान तीस दिवस राहिलेले असावे लागते. ती अट आपल्यामुळे पूर्ण होते. नोटिशीनंतर आणखी तीस दिवस आक्षेपांसाठी जातात आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत विवाह व्हावा लागतो. त्यांच्या रजेचे आणि विमानाचे नियोजन या हिशेबाने करावे. सप्तपदी, अंतरपाट, मंगलाष्टके हे सगळे त्याच दिवशी करायला काहीच हरकत नाही.

कागदांचे थोडक्यात. निकालपत्र आणि हुकूमनामा या दोन्हींच्या प्रमाणित नकला, प्रत्येकी तीन, एकदमच काढून घ्या; नक्कल विभागात दुसऱ्यांदा खेटे घालण्याचा कंटाळा पुढे नडतो. हुकूमनामा मराठीत असेल तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागेल आणि भाषांतर अचूक असल्याचे व स्वतःला दोन्ही भाषा येत असल्याचे भाषांतरकाराचे सहीनिशी प्रमाणपत्र त्याखाली हवे. नंतर हुकूमनाम्याच्या आधारे पारपत्रातील नोंद बदलून घ्यावी. त्यांनी पहिल्या पत्नीला अमेरिकेत नेताना आर्थिक हमीपत्र दिले असेल तर घटस्फोटाने ती हमी आपोआप संपत नाही. ती कायम असेल तर आपल्यासाठी नवे हमीपत्र भरताना कुटुंबाच्या संख्येत पहिल्या पत्नीलाही मोजावे लागते आणि उत्पन्नाची अट तेवढी वाढते, याची कल्पना त्यांना द्या. अपत्याचा उल्लेख आपण केलेला नाही. असल्यास नव्या विवाहाच्या वेळी त्याचे वय अठरापेक्षा कमी असणे, त्याच्यासाठी स्वतंत्र आय-१३० भरणे आणि परदेशी नेण्यास वडिलांची संमती किंवा न्यायालयाची परवानगी असणे आवश्यक आहे; हे सर्व संमतीच्या अटींमध्येच लिहून घ्यावे.

म्हणजे क्रम असा : आपला हुकूमनामा, त्यांच्या डिक्रीची खातरजमा, त्यानंतर नोटीस व विवाह, आणि शेवटी आय-१३०. पुढच्या महिन्याचा मुहूर्त मोडवत नसेल तर त्या दिवशी साखरपुडा करा. साखरपुड्याने कायद्याने कोणी विवाहित होत नाही. निमंत्रणपत्रिकेवर ‘विवाह’ हा शब्द छापू नका आणि सप्तपदी करू नका, कारण अशी छायाचित्रे पुढे नात्याचा पुरावा म्हणून लोक स्वतःच अर्जाला जोडतात आणि मग लग्न नेमके कोणत्या तारखेला झाले हा प्रश्न उभा राहतो. आज संध्याकाळी करण्यासारखे एकच काम आहे. टेक्सासच्या डिक्रीचे शेवटचे पान त्यांच्याकडून मागवून घ्या आणि त्यावर पहिल्या पत्नीची सही आहे का ते पाहा.